पोटॅशियम : धातूचा शोध आणि प्रयोगशाळेतील उपयोग

पोटॅशियम : आवर्त सारणीच्या पहिल्या गटातील, म्हणजे क्षार धातूंच्या (अल्कली धातूंच्या) गटातील, एक अतिशय विक्रियाशील मूलद्रव्य. अणुक्रमांक १९, अणुभार ३९.०९८, वितळबिंदू सु. ६३.५° से.; उकळबिंदू सु. ७६०° से.; घनता २०° से. तापमानास ०.८६ ग्रॅ./घ. सेंमी.; संयुजा १. रंग रुपेरी पांढरा. भूकवचात या मूलद्रव्याचे प्रमाण वजनाने दोन ते अडीच टक्के असून फेल्स्पार, अभ्रक इ. अनेक खनिजांचे ते घटक आहे. वनस्पतींच्या व प्राण्यांच्या शरीरातही ते असते. मात्र धातूच्या रूपात ते निसर्गात कोठेही सापडत नाही. त्याच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो व तो अणुकेंद्राशी शिथिलपणे बांधलेला असल्याने सहज निघून जातो. या एकाच कारणामुळे धातुरूप पोटॅशियम मिळविणे दीर्घकाळ अशक्य झाले होते; याच कारणामुळे, मिळाल्यानंतर, इतर मूलद्रव्ये त्यांच्या संयुगांतून सोडविण्याचे ते प्रभावी साधन ठरले; आणि याच कारणामुळे ते आजही प्रयोगशाळेतील धोकादायक पदार्थांत गणले जाते.

पूर्वेतिहास : पोटॅशियमाची संयुगे मानवास प्राचीन काळापासून परिचित आहेत. वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून व ते पाणी आटवून मिळणारा क्षार मुख्यत्वे पोटॅशियम कार्बोनेटाचा असतो. आयुर्वेदातील यवक्षार (जवखार) हा याच प्रकारचा होय. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याचा सविस्तर विधी दिलेला असून भाजलेल्या चुनखडीच्या वा शंखशिंपल्यांच्या योगाने मृदू क्षार तीक्ष्ण करण्याची कृती तीत सांगितली आहे. हा तीक्ष्ण क्षार लोखंडी पात्रात तोंड बंद करून ठेवावा, असेही तीत म्हटले आहे. आजच्या परिभाषेत ही कार्बोनेटापासून दाहक (कॉस्टिक) पोटॅश बनविण्याची कृती होय. प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात तिची विशेष नोंद घेतली आहे. बंदुकीच्या दारूचा प्रमुख घटक असलेला सोरा (पोटॅशियम नायट्रेट) सतराव्या व अठराव्या शतकांत बिहारमधून डच व इंग्रज कंपन्यांमार्फत मोठ्या प्रमाणात यूरोपात जात असे. भांड्यात आटविलेली राख या अर्थाच्या शब्दावरून यूरोपात ‘पोटॅश’ हे नाव रूढ झाले व त्यावरून पुढे धातूचे नाव पडले. धातूचे चिन्ह मात्र ‘कॅलियम’ या नावाच्या आद्याक्षरावरून घेतलेले असून त्या नावाचे मूळ ‘अल्-कली’ या अरबी शब्दात आहे.

वनस्पतिज क्षार व खनिज क्षार (सोडा) हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे आंरी ल्वी द्युआमेल द्यू माँसो यांनी १७३६ मध्ये दाखविले. त्यानंतर सु. दोन दशकांनी आंड्रेआस मारग्राफ यांनी या दोहोंमुळे ज्योतीस येणारे रंग निरनिराळे असतात, हे नोंदले; सोड्याने ज्योत पिवळी होते, तर पोटॅशने जांभळट. १७९७ मध्ये मार्टीन हाइन्रिख क्लापरोट यांना ल्यूसाइट या खनिजात पोटॅश आढळले व तो केवळ वनस्पतींतच असतो ही समजूत मागे पडली.

पोटॅश हे मूलद्रव्य की संयुग, हा प्रश्न मात्र अनिर्णित होता. आंत्वान लाव्हाझ्ये यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, ज्यांचे आणखी विघटन करता आलेले नाही अशा ‘साध्या’ पदार्थांची यादी दिली. तीत चुना, मॅग्नेशिया, बराइटा, अल्युमिना व सिलिका या पाच ‘मृदां’ना स्थान होते. त्या बहुधा धातूंची ऑक्साइडे असाव्यात, असा तर्कही त्यांनी केला होता. पोटॅश व सोडा हे संयुक्त पदार्थ असल्याचे उघड दिसते, असे म्हणून त्यांनी ते यादीतून वगळले. परंतु त्यांचे घटक कोणते, हे कोणासही दाखविता आले नव्हते. त्या काळी ऑक्साइडातून धातू मिळविण्याचे मुख्य साधन म्हणजे कोळशाबरोबर तापविणे हे होते आणि ते येथे निरुपयोगी ठरले होते.

डेव्ही यांचा शोध : १८०० मध्ये आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आपल्या विद्युत् घटमालेची माहिती प्रसिद्ध केली. अखंड विद्युत् प्रवाह मिळू लागल्याने रसायनशास्त्रज्ञांच्या हाती विघटनाचे नवे साधन आले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करणारे हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये ते पोटॅशवर वापरून पाहिले. प्रथम त्यांनी पोटॅशच्या संपृक्त विद्रावातून प्रवाह सोडला. पण त्यात फक्त पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन मिळाले. नंतर वितळलेल्या पोटॅशमधून प्रवाह सोडता ऋणाग्राशी तेजस्वी ज्योत दिसली, परंतु निर्माण होणारा पदार्थ तत्क्षणी जळत असल्याने हाती काही लागेना. पूर्णपणे कोरडा घन पोटॅश तर विद्युत् वाहक नव्हता. अखेर त्यांनी पोटॅशचा तुकडा काही क्षण हवेत उघडा ठेवला. हवेतील बाष्पाने त्याचा पृष्ठभाग किंचित ओलसर झाला व तेवढ्याने तो प्रवाह वाहून नेण्याजोगा बनला. हा तुकडा घटमालेच्या ऋण बाजूस जोडलेल्या प्लॅटिनमाच्या तबकडीवर ठेवून त्याच्या वरच्या भागास धन बाजूची प्लॅटिनमाची तार लावण्यात आली. या प्रयोगासाठी ६ इंची व ४ इंची चौरस पट्टिकांच्या एकूण २५० जोड्यांची घटमाला वापरली होती. तुकडा दोन्ही टोकांशी वितळू लागला. वरच्या बाजूस जोराने बुडबुडे आले. खालच्या बाजूस वायू न येता पाऱ्यासारखे चकचकीत बारीक गोळे दिसू लागले. त्यांपैकी काही स्फोट होऊन जळून गेले, तर काही टिकले व त्यांवर पांढरी पुटे चढली.

हा प्रयोग ६ ऑक्टोबर १८०७ रोजी झाला. त्या वेळी डेव्ही २८ वर्षांचे होते. हे गोळे पाहताच ते आनंदाने प्रयोगशाळेत नाचू लागले, अशी आठवण त्यांचे साहाय्यक व चुलतबंधू एडमंड डेव्ही यांनी सांगितली आहे. पुढील काही दिवसांतच त्यांनी सोड्यापासून सोडियम मिळविले व १९ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढील बेकरियन व्याख्यानात दोन्ही धातूंची माहिती दिली. लगेच त्यांना गंभीर आजार होऊन कित्येक आठवडे काम बंद पडले.

नवा पदार्थ परिचित धातूंशी मिळताजुळता नव्हता. तो पाण्यापेक्षा हलका होता, बोटांच्या दाबाने चपटा होई व पाण्यावर टाकताच पेट घेई. बर्फावर ठेवला असतानाही तो ज्योतीसह जळाला व बर्फात पोटॅशच्या विद्रावाने भरलेला खड्डा पडला. तो टिकवावयाचा कशात, हीच पहिली अडचण होती. पुष्कळ द्रव वापरून पाहिल्यावर, नुकत्याच ऊर्ध्वपातित केलेल्या नॅप्थात तो सर्वांत चांगला राहतो, असे डेव्ही यांना आढळले. खनिज तेलात पोटॅशियम बुडवून ठेवण्याच्या आजच्या प्रथेचे मूळ येथे आहे. इतक्या हलक्या पदार्थास धातू म्हणावे काय, या शंकेस डेव्ही यांनी असे उत्तर दिले की, चकाकी, उष्णता व विद्युत् वाहून नेण्याची क्षमता आणि रासायनिक वर्तन यांवरून तो धातूच ठरतो. गुरुत्व हे धातूचे आवश्यक लक्षण नव्हे.

मूलद्रव्य की संयुग? : डेव्ही यांच्या पद्धतीने पोटॅशियम अत्यल्प मिळे. १८०८ मध्ये पॅरिस येथे जोझेफ ल्वी गे-ल्युसॅक व ल्वी झाक तेनार यांनी विजेवाचून ते मिळविण्याची रीत शोधली. लोखंडाचा कीस भरलेली बंदुकीची नळी भट्टीत अतितप्त करून तीतून वितळलेला पोटॅश हळूहळू सोडला असता लोखंड ऑक्सिजन घेई व पोटॅशियमाची वाफ नळीच्या थंड टोकाकडे जाऊन गोठे. लोखंड हा पोटॅशियमापेक्षा पुष्कळ कमी विक्रियाशील धातू असूनही ही विक्रिया घडते, कारण वाफ होऊन पोटॅशियम सतत बाहेर पडते व उलट विक्रियेस वाव राहत नाही. या रीतीने प्रयोगास पुरेल एवढा धातू मिळू लागला. त्याची किंमतही मोजावी लागली. पोटॅशियमाच्या स्फोटात त्याच वर्षी गे-ल्युसॅक यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

या दोघांनी धातू तर मिळविला, पण ते मूलद्रव्य आहे हे मात्र त्यांना मान्य नव्हते. पोटॅशियम अमोनिया वायूत तापविले असता हायड्रोजन बाहेर पडतो, असे त्यांना आढळले. यावरून हा हायड्रोजन पोटॅशियमातूनच येतो व पोटॅशियम हे पोटॅश आणि हायड्रोजन यांचे संयुग आहे, असे अनुमान त्यांनी काढले. हायड्रोजन अमोनियातून येतो, असे डेव्ही यांचे म्हणणे होते. दोन्ही पक्षांचे प्रयोग बरोबर होते; वाद त्यांच्या अर्थाचा होता. पोटॅशियमात खरोखरच हायड्रोजन असेल, तर ते कोरड्या ऑक्सिजनात जाळल्यावर पाणी मिळावयास हवे. तसे पाणी मिळाले नाही, उलट ऑक्सिजन अधिक प्रमाणात असलेले एक नवे पिवळे ऑक्साइड मिळाले. तेव्हा १८११ मध्ये गे-ल्युसॅक व तेनार यांनी आपले मत सोडले. एखादा पदार्थ मूलद्रव्य आहे की नाही, हे त्याच्या रूपावरून नव्हे, तर त्यातून काय निघते व काय निघत नाही यावरून ठरते, हे तत्त्व या वादाने दृढ केले.

याच काळात पोटॅशियमाने आणखी एक प्रश्न सोडविण्यास हातभार लावला. सर्व अम्लांत ऑक्सिजन असतो, असे लाव्हाझ्ये यांचे मत होते. त्यानुसार आजचा क्लोरीन हा ऑक्सिजनयुक्त संयुग मानला जाई. ऑक्सिजनाची इतकी ओढ असलेले पोटॅशियमसुद्धा या वायूतून ऑक्सिजन काढू शकत नाही, असे डेव्ही यांना दिसले. वायूत पोटॅशियम जाळल्यावर केवळ एक लवण मिळे. हायड्रोक्लोरिक अम्ल वायूशी पोटॅशियमाची विक्रिया केल्यास तेच लवण व हायड्रोजन मिळे. यावरून १८१० मध्ये त्यांनी हा वायू मूलद्रव्य असल्याचे सांगून त्यास क्लोरीन हे नाव दिले.

इतर मूलद्रव्यांची मुक्तता : पोटॅशियमाचे प्रयोगशाळेतील सर्वांत महत्त्वाचे ऐतिहासिक कार्य क्षपणकाचे (दुसऱ्या पदार्थातील ऑक्सिजन किंवा हॅलोजन काढून घेणाऱ्या, म्हणजेच इलेक्ट्रॉन पुरविणाऱ्या द्रव्याचे) होय. १८०८ मध्ये गे-ल्युसॅक व तेनार यांनी बोरिक अम्लाबरोबर पोटॅशियम तापवून बोरॉन मिळविले. डेव्ही यांनीही त्याच सुमारास ते मिळविले. स्वीडनमधील यन्स याकॉप बर्झीलियस यांनी १८२४ मध्ये पोटॅशियम फ्ल्युओसिलिकेटापासून सिलिकॉन व तशाच रीतीने झिर्कोनियम आणि १८२९ मध्ये थोरियम वेगळे केले. डेन्मार्कमधील हान्स क्रिश्चन अर्स्टेड यांनी १८२५ मध्ये पोटॅशियमाचा पारदमेल वापरून ॲल्युमिनियम मिळविल्याचे जाहीर केले. १८२७ मध्ये फ्रीड्रिख व्हलर यांनी निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडावर शुद्ध पोटॅशियमाची विक्रिया केली. ही विक्रिया इतकी उष्णता निर्माण करते की, त्यांना काचेऐवजी प्लॅटिनमाची मूस वापरावी लागली. त्यांना ॲल्युमिनियम करड्या चूर्णाच्या रूपात मिळाले. १८२८ मध्ये व्हलर व आंत्वान ब्यूसी यांनी स्वतंत्रपणे बेरिलियम मिळविले. ब्यूसी यांनी पोटॅशियमानेच मॅग्नेशियमही धातूच्या रूपात वेगळे केले. लाव्हाझ्ये यांच्या पाच ‘मृदां’पैकी चुना व बराइटा यांतील धातू डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने उघड केले होते, सिलिका व अल्युमिना यांचे घटक पोटॅशियमाने सुटे केले आणि मॅग्नेशियाचा धातू, जो डेव्ही यांना अशुद्ध रूपात मिळाला होता, तोही त्यानेच सलग स्वरूपात हाती दिला. लाव्हाझ्ये यांचा तर्क अशा रीतीने खरा ठरला.

युरेनियमाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १७८९ मध्ये क्लापरोट यांनी वेगळा केलेला काळा पदार्थ पन्नास वर्षे युरेनियम धातू म्हणून ओळखला जात होता. १८४१ मध्ये यूजीन पेलिगो यांनी युरेनियम टेट्राक्लोराइडाचे पोटॅशियमाने क्षपण करून खरा धातू मिळविला व तोवरचा ‘धातू’ हे ऑक्साइड असल्याचे दाखविले.

कार्बनी रसायनशास्त्रातही पोटॅशियमाचा प्रवेश झाला. झां ल्वी लॅसेन यांनी १८४३ मध्ये नायट्रोजन ओळखण्याची कसोटी दिली. कार्बनी पदार्थ पोटॅशियमाबरोबर लाल होईपर्यंत तापविला असता त्यातील कार्बन व नायट्रोजन यांपासून सायनाइड बनते. त्याच्या विद्रावात लोहाची लवणे व अम्ल घातल्यावर प्रशियन निळा रंग उमटतो. ही कसोटी भारतातील विद्यालयांच्या व महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत लॅसेन कसोटी या नावाने परिचित आहे. मात्र तीत पोटॅशियमाऐवजी सोडियम वापरतात.

सोडियमाची सरशी : हा बदल केवळ या कसोटीपुरता नव्हता. आंरी सँत-क्लेअर दव्हील यांनी १८५४ मध्ये ॲल्युमिनियमाच्या निर्मितीसाठी पोटॅशियमाऐवजी सोडियम घेतले. याची कारणे तीन होती. सोडियमाचा कच्चा माल स्वस्त होता; एक इलेक्ट्रॉन पुरविण्यास पोटॅशियमाचे ३९ भार लागतात तेथे सोडियमाचे २३ पुरतात; आणि तिसरे कारण सुरक्षिततेचे. कार्बोनेट व कोळसा एकत्र तापवून धातू मिळविताना पोटॅशियमाची कार्बन मोनॉक्साइडाशी विक्रिया होऊन काळा, स्फोटक पदार्थ नळ्यांत साचतो. सोडियमाच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. यानंतर पोटॅशियमाचा वापर, जेथे त्याची अधिक विक्रियाशीलता खरोखर आवश्यक असते, अशा कामांपुरता मर्यादित झाला.

विद्युत् विच्छेदनाने शोधलेला हा धातू आज मुख्यत्वे त्या रीतीने बनवीत नाहीत, कारण तो आपल्याच वितळलेल्या क्लोराइडात विरघळतो व उडून जातो. सु. ८५०° से. तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडातून सोडियमाची वाफ सोडतात व अधिक बाष्पनशील पोटॅशियम भागशः ऊर्ध्वपातनाने वेगळे करतात. बंदुकीच्या नळीतील जुन्या रीतीचेच तत्त्व येथे वेगळ्या रूपात आढळते.

आधुनिक प्रयोगशाळेतील उपयोग : पोटॅशियम सुरीने कापता येते. ताजा पृष्ठभाग रुपेरी असून हवेत काही क्षणांतच काळवंडतो. ७७ ते ७८ टक्के पोटॅशियम असलेली सोडियमाबरोबरची मिश्रधातू सु. −१२.६° से. पर्यंत द्रवरूप राहते. तिची उष्णतावाहकता चांगली असल्याने अमेरिकेतील आयडाहो येथील प्रायोगिक प्रजनक अणुभट्टीत शीतक म्हणून ती वापरली होती. या भट्टीने २० डिसेंबर १९५१ रोजी वीज निर्माण केली. प्रयोगशाळेत ही मिश्रधातू व पोटॅशियम हायड्रोकार्बनी विद्रावकांतील पाण्याचा व ऑक्सिजनाचा लेश काढण्यासाठी वापरतात. तृतीयक ब्युटिल अल्कोहॉलाशी विक्रिया करून मिळणारे पोटॅशियम तृतीयक ब्युटॉक्साइड हे कार्बनी संश्लेषणातील प्रबल क्षारक आहे. ग्रॅफाइटाच्या थरांत पोटॅशियम शिरून दर आठ कार्बन अणूंमागे एक पोटॅशियम अणू असलेले कांस्यवर्णी चूर्ण बनते. ते मोजून घेण्यास सोयीचे क्षपणक आहे. द्रव अमोनियात पोटॅशियम विरघळून गडद निळा विद्राव मिळतो. त्याचा रंग धातूपासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे येतो.

प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडण्याच्या गुणधर्मामुळे यूलिउस एल्स्टर व हान्स गायटेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकाशविद्युत् घटांत पोटॅशियम वापरले. १९९१ मध्ये पोटॅशियम मिसळलेले फुलेरीन १८ केल्व्हिनच्या सुमारास अतिसंवाहक होते, असे आढळले. १९९९ मध्ये ब्रायन डीमार्को व डेबोरा जिन यांनी अमेरिकेतील बोल्डर येथे पोटॅशियम-४० या समस्थानिकाचे अणू अतिशीत करून फेर्मी कणांचा पहिला अपभ्रष्ट अणुवायू मिळविला.

धोके व हाताळणी : पोटॅशियम कोरड्या व निष्क्रिय वातावरणात किंवा खनिज तेलात ठेवतात, तथापि तेलातही ते सर्वस्वी सुरक्षित नसते. तेलात विरघळलेल्या ऑक्सिजनामुळे कालांतराने त्यावर पिवळी-नारिंगी सुपरऑक्साइडाची पुटे चढतात. असा जुना तुकडा कापताना सुपरऑक्साइड तेलाशी वा धातूशी दाबले जाऊन स्फोट होऊ शकतो. म्हणून पुटे चढलेला तुकडा कापू नये. हेच सुपरऑक्साइड उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून ऑक्सिजन देत असल्याने खाणींतील बचाव-श्वसनयंत्रांत उपयोगी पडते. पोटॅशियमाच्या आगीवर पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड किंवा हॅलोजनयुक्त अग्निशामके वापरणे घातक असते. ती कोरड्या ग्रॅफाइट चूर्णाने वा निर्जल सोड्याने झाकतात. उरलेले बारीक तुकडे निष्क्रिय वायूत तृतीयक ब्युटिल अल्कोहॉलात हळूहळू विरघळवून नष्ट करतात.

पाण्याशी होणारी विक्रिया : पोटॅशियम पाण्यावर पडल्यावर हायड्रोजन व दाहक पोटॅश तयार होतात व विक्रियेच्या उष्णतेने हायड्रोजन पेटतो, हे स्पष्टीकरण दीर्घकाळ पुरेसे मानले गेले. परंतु त्यात एक अडचण होती. धातू व पाणी यांच्यामध्ये हायड्रोजनाचा व वाफेचा थर निर्माण होताच विक्रिया मंदावली पाहिजे. प्रत्यक्षात स्फोट होतो. प्राग येथील पाव्हेल युंगव्हिर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सोडियम-पोटॅशियम मिश्रधातूचे थेंब पाण्यात सोडून त्यांचे अतिजलद छायाचित्रण केले. एक सहस्रांश सेकंदाच्या आतच थेंबातून धातूचे काटे सर्व दिशांना बाहेर पडतात, असे त्यांना दिसले. पृष्ठभागावरील अणूंचे इलेक्ट्रॉन प्रथम पाण्यात निघून जातात. मागे राहिलेले धन आयन एकमेकांना जोराने दूर सारतात व थेंब फुटतो. त्यामुळे पाण्यास सतत नवा पृष्ठभाग मिळतो, असा अर्थ त्यांनी लावला. याच गटाने २०२१ मध्ये निर्वात कक्षात या मिश्रधातूच्या थेंबावर पाण्याच्या वाफेचा अतिपातळ थर बसविला. धातूतील इलेक्ट्रॉन त्या थरात शिरून तो काही सेकंद सोनेरी दिसला व धातूप्रमाणे वागला.

डेव्ही यांच्या तबकडीवर जे गोळे फुटून नाहीसे झाले, त्यांच्या वर्तनाचा उलगडा होण्यास अशा रीतीने दोन शतके लागली. या काळात पोटॅशियमाकडून अनेक मूलद्रव्यांची ओळख पटविण्याचे काम करून घेण्यात आले, तरी त्याच्या सर्वांत परिचित विक्रियेचा अभ्यास अद्याप संपलेला नाही.